वायरीचं दुसरं टोक

“मग बिघाड आहे तरी कुठे?” ग्लेनने तिसऱ्यांदा विचारलं.

इनासमामा सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत बसले.

मी शेजारच्या बाकावर, मांडीवर मिक्सर घेऊन. वसईतल्या आमच्या गावात काहीही बंद पडलं की माणसं इनास तुस्कानोंच्या ओट्यावर येतात. माझा मिक्सर शनिवारपासून बंद होता. चार दिवस पाट्यावर वाटण करून मनगटं भरून आली होती. तेव्हा मी काही फार खुशीत नव्हते, हे आधीच सांगून टाकते.

त्यात मामांचा तो रेडिओ. फळीवरचा जुना रेडिओ दिवसभर चालू. स्टेशन कुठलंच नाही, नुसती घूं घूं. मामा सहा वर्षं एकटे राहतात, त्यांना टोकणारं घरात कुणी नाही. मी एकदा म्हटलं, मामा, बंद करा हो ते. हसले, आणि तसाच ठेवला.

ग्लेन डाबरे माझा विद्यार्थी. चौथीत गणितात शंभरपैकी शंभर, आणि तो पेपर गावभर दाखवत फिरायचा. आता मोठमोठ्या यंत्रांचा इंजिनिअर आहे, विमानाने जातो-येतो. चूक त्याची असूच शकत नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर चौथीपासून लिहिलेलं आहे. पण त्या दिवशी गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या एका जुन्या, कोपरे झिजलेल्या अ‍ॅम्पपुढे तोच चेहरा पार उतरला होता.

कारण होतं. त्याचा थोरला भाऊ ऑल्विन गिटार वाजवायचा. चर्चच्या कॉयरमध्ये, लग्नाकार्यांत, कुणी नुसतं वाजव म्हटलं तरी. मागच्या वर्षी अचानक गेला. येत्या रविवारी त्याच्या वर्षाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, होती. आईने ग्लेनकडे एकच मागितलं होतं. मिस्सेनंतर सगळे घरी जमतील, तेव्हा ऑल्विनच्या गिटारवर त्याचं एक गाणं वाजव.

ग्लेन हो म्हणाला. त्यासाठी हा अ‍ॅम्प सेकंडहँड आणला. त्याला तीन महिने झाले. आता रविवारला चार दिवस उरले होते, आणि अ‍ॅम्पमधून फक्त घूं येत होती.

आणला तेव्हा आवाज मधेच तुटायचा, मग तो तुटायचा थांबला, पण घूं राहिली. ग्लेनने फिल्टरचे कपॅसिटर बदलले. मग व्हॉल्यूमचं बटण. मग अर्थिंग नवीन केलं. ट्रान्सफॉर्मरही उपटून दुसरा टाकला. हे सगळं त्याने मामांना असं सांगितलं की जणू मामाच परीक्षेला बसले होते.

शेवटी त्याने काढलेल्या पार्टांची पिशवी टेबलावर ठेवली. “आता बदलायचं काही उरलेलं नाही.”

मामांनी पिशवी वर्तमानपत्रावर ओतली. मीटर घेतला. एकेक पार्ट तपासायला लागले.

तास गेला. माझ्या मिक्सरकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

तपासून झालं तेव्हा कागदाच्या एका बाजूला चौदा पार्ट होते. दुसऱ्या बाजूला एक. गिटारची वायर खोचतात ते सॉकेट.

“हे एवढं खराब,” मामा म्हणाले. “कधी बदललंस?”

“पहिल्या दिवशी.”

“मग पहिल्याच दिवशी दुरुस्त झाला.”

ग्लेन बघतच राहिला. खरं तर मीही.

“आणि हे चौदा?”

“चांगले आहेत. घेऊन जा.”

“पण मग घूं कुठून येते, मामा?”

“लाव,” मामा म्हणाले.

ग्लेनने अ‍ॅम्प लावला. वायरीचं एक टोक नव्या सॉकेटात खोचलं, आवाज पूर्ण वाढवला. ओटा घुमायला लागला. रेडिओची घूं त्याखाली ऐकूही येईना. मामा मान तिरकी करून ऐकत राहिले.

ग्लेनला राहवेना. ट्रान्सफॉर्मर अजून थोडा फिरवून बसवावा, सोल्डरिंग सगळं पुन्हा करावं, घराचं अर्थिंगच खराब असेल, असं तो बोलत सुटला. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. मामांनी त्याला बोलू दिलं.

मग ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले. माझ्या चपलेजवळ जमिनीवर वायरीचं दुसरं टोक पडलं होतं. ते त्यांनी उचललं आणि ग्लेनच्या मुठीत दिलं.

त्याची बोटं टोकाला लागली मात्र, अ‍ॅम्प असा ओरडला की माझ्या मिक्सरचं झाकण खाली पडलं.

मामांनी आवाज कमी केला. “हे टोक कुठे जातं?”

“गिटारला.”

“गिटार कुठेय?”

“घरी.”

“मागच्या वेळी आलास तेव्हा?”

“घरी.”

“त्याच्याआधी?”

ग्लेन वायर हाताला गुंडाळायला लागला.

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. हा मुलगा एवढं जड धूड स्कूटरवर घालून तीनदा आला होता. गिटार एकदाही आणली नव्हती.

“मोकळ्या वायरीला घूं येते, ग्लेन. तू इंजिनिअर. तुला ठाऊक नाही?”

“ठाऊक आहे.”

मी चक्रावले. ठाऊक आहे? मग तीन महिने हा करत काय होता? मी तोंड उघडलं. मामांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला, आणि आयुष्यभर वर्ग गप्प करणारी मी गप्प झाले.

ग्लेन त्या टोकाकडे बघत थांबतथांबत बोलला. गिटारची पेटी आईच्या खाटेखाली आहे. ऑल्विन गेल्यापासून कुणी उघडलेली नाही. आई पेटीला हात न लावता आजूबाजूने झाडते.

“अ‍ॅम्प नीट झाला की उघडणार होतो,” तो म्हणाला. “खरंच उघडणार होतो...”

“जा. आण.”

तो गेला. मामांनी माझा मिक्सर ओढून घेतला. मी पडलेलं झाकण उचलून त्यांच्यापुढे ठेवलं.

अर्ध्या तासाने ग्लेन आला. पेटी मांडीवर ठेवून बसला आणि नुसता बसूनच राहिला. शेवटी मीच, चौथीच्या वर्गातल्या आवाजात म्हटलं, उघड.

त्याने खिट्ट्या उघडल्या.

तारा गंजल्या होत्या. वरच्या बाजूला, तारांमध्ये ऑल्विनने अडकवलेला, तारा छेडायचा निळा पिक तसाच होता. पुढचं गाणं वाजवायला हाताशी असावा म्हणून अडकवतात, तसा.

मला रडू आलं. लपवत नाही.

ग्लेनने पिक काढला. तारा जुळवायला त्याला बराच वेळ लागला. मग वायरीचं टोक गिटारला खोचलं... आणि घूं गेली. जवळजवळ गेलीच.

तो वाजवायला लागला. ऑल्विनबरोबर वाजवून वाजवून घट्टे पडलेली त्याची बोटं वर्षभरात मऊ झाली होती. गंजलेल्या तारा दाबताना तो ओठ चावत होता. दोनदा चुकला. कधी नव्हे तो चुकला, आणि कुणाला कारण सांगत बसला नाही. तिसऱ्यांदा गाणं आलं. कॉयरमधलं, ऑल्विन नाताळात वाजवायचा ते.

मामांचा स्क्रूड्रायव्हर माझ्या मिक्सरवर थांबला होता.

गाणं संपलं. ग्लेनने तळवा तारांवर ठेवला. ओटा शांत झाला. त्या शांततेत अ‍ॅम्पमधून अगदी बारीक घूं येत होती. फळीवरच्या रेडिओची कुठली आणि याची कुठली, मला सांगता आलं नसतं.

ग्लेनला सांगता आलं. त्याने डोळे पुसले आणि कान पुढे केला.

“अजून थोडी आहे, मामा. रविवारच्या आत तीही काढू?”

मामा मिक्सरचा शेवटचा स्क्रू पिळत होते.

“राहू दे. घरात कुणी आहे असं वाटतं.”