पट्ट्याला ऊद

"सगळं गाव एकदम कसं मरेल, बाबा?"

डॉक्टर उन्मेष खरे तकियात शिरता शिरताच ओरडला. चपला मात्र त्याने दाराशी काढल्या. शहरातला असला तरी आईने वळण चांगलं लावलेलं.

लिंबाखाली मदारशा बाबा बसले होते. बोरटाकळीबाहेरच्या पिराच्या तकियातले म्हातारे फकीर. मांडीवर सूत घेऊन दोरा वळत होते. मी शेजारी बसून बिडी ओढत होतो आणि त्यांची शांतता बिघडवत होतो. तेवढं एकच काम मला नीट जमतं.

बाबांनी मान वर केली.

"मेलंय का गाव?"

"फोनात मेलंय!"

"मग मीही गेलो असेन," मी म्हटलं. "बघा जरा, डॉक्टर. नामदेव सोनटक्के."

त्याने खरंच बघितलं. हुशार माणसांची हीच गंमत असते.

"तुम्हीसुद्धा, आबा. गुरुवारपासून."

"तरीच बायको एवढी खुशीत आहे."

डॉक्टर हसला नाही. फोन बाबांपुढे धरला. पडद्यावर एकाखाली एक नावं आणि प्रत्येक नावापुढे रेघ. दिसत होत्या तेवढ्या सगळ्या रेघा शेतातल्या दोरीसारख्या सरळ.

आता हे प्रकरण काय ते सांगतो. या पोराने एक पट्टा बनवला होता. काळा, रबरी, दिसायला घड्याळ, पण वेळ सांगत नाही. मनगटाला बांधला की काळजाचा ठोका मोजतो आणि काही बिघडलं की डॉक्टरच्या फोनात बोंब मारतो. वस्तू कामाची होती. मोठा दवाखाना आमच्यापासून लांब. मागच्या उन्हाळ्यात बाळू सुतार रंधा मारता मारता गेला आणि घरच्यांना वाटलं, भुश्शावर झोप लागली. त्याला उठवू नका म्हणून बायकोने पोरांना दटावलं होतं.

त्या बाळूची गोष्ट ऐकूनच डॉक्टर आमच्या गावात आला होता. पण लोक डॉक्टरचं ऐकत नाहीत, फकिराचं ऐकतात, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणून त्याने एक युक्ती काढली. गुरुवारी तकियात ऊद जळला की बाबांच्या हातून एकेकाला पट्टा द्यायचा. आधी त्याने पट्टा कसा वापरायचा यावर भाषण दिलं. त्या भाषणात आम्हाला सगळ्यांना छान झोप लागली.

मग बाबांच्या हातून पट्टे घेतले, कपाळाला लावले आणि घरी नेले.

आता मला सांगा, पिराच्या दारी, गुरुवारी, बाबांच्या हातून मिळालेली वस्तू कुणी शेणाच्या हाताला बांधतं का?

"देव्हाऱ्यात ठेवलेत!" डॉक्टर म्हणाला. "घरोघर जाऊन बघून आलो. हळदकुंकू वाहिलंय. एका घरात पट्ट्याला मलिदा दाखवला होता!"

"माझ्याकडे खंडोबाच्या शेजारी आहे," मी म्हटलं. "रोज ऊद देतो. तब्येत उत्तम आहे... पट्ट्याची."

"आबा, शनिवारी पट्ट्यांना पैसे पुरवणारे साहेब येणार आहेत. रेघा अशाच राहिल्या तर सगळे पट्टे काढून दुसऱ्या गावाला देतील. मग पुन्हा बाळू सुतारासारखं झालं तर?"

मी बिडी विझवली. थट्टेला पण एक जागा असते.

डॉक्टर बाबांपुढे बसला.

"बाबा, तुमचा दोरा लोक वर्ष वर्ष काढत नाहीत. अंघोळीला नाही, शेणाला नाही. माझा पट्टा मात्र देवघरात. तुमच्या दोऱ्यात असं काय असतं?"

"सूत."

"एवढंच?"

"थोडा घाम."

"कुणाचा?"

बाबा पुन्हा दोरा वळू लागले.

डॉक्टरला राहवेना. "माझं यंत्र झोपत नाही, बाबा. कंटाळत नाही. खोटं बोलत नाही. माणसावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून तर ते बनवलं."

बाबांनी सुताला गाठ मारली.

"माणसावर भरवसा ठेवता येत नाही?"

"नाही."

"हं..."

तेवढ्यात फोन किंचाळला.

सगळ्या सरळ रेघांच्या खाली एक रेघ नाचत होती. नुसती नाचत नव्हती, उधळली होती. नाव होतं गोदावरी कानडे. आमची गोदाकाकू. नवरा नाही, पोरबाळ नाही, ओढ्यापलीकडे एकटीचं घर. छातीत कळा यायच्या. आषाढात विहिरीच्या काठावर चक्कर येऊन पडली होती, ती आत पडली नाही एवढंच.

डॉक्टर उठला. औषधांची पिशवी उचलली आणि पळाला.

"चपला!" मी ओरडलो.

कुठल्या चपला अन् काय... भर दुपारचं ऊन, ओढ्याचा रस्ता म्हणजे वेड्या बाभळीचं रान. तिथून आमच्या म्हशी जपून पाय टाकतात. हा अनवाणी पळत सुटला. मी माझ्या वयाच्या मानाने पळालो, म्हणजे चाललो, पण ओरडत चाललो. त्यामुळे वाटेतलं निम्मं गाव मागे आलं. शिकलेला माणूस अनवाणी पळताना रोज दिसत नाही.

पोचलो तर गोदाकाकू ओट्यावर बसून तुरीतले खडे वेचत होती.

"कोन गेलं रे?" तिने विचारलं.

"तुम्ही!" डॉक्टर म्हणाला. त्याला धाप लागली होती.

काकूने स्वतःकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

"बस, लेकरा. ऊन लागलंय तुला."

"काकू, पट्टा... पट्टा कुठंय?"

"तूच म्हनलास ना, ज्याच्या जिवाला धोका त्याला बांधा. मग जिला धोका तिला बांधला."

तिने घराच्या मागे बोट दाखवलं.

मागे छपरात तिची शेळी आडवी पडली होती. पुढच्या पायाला काळा पट्टा. मान ताणलेली, डोळे पांढरे. पहिलं वेत होतं. करडाचा एकच पाय बाहेर आलेला, दुसरा आत दुमडून अडकलेला. काकूला काही ठाऊकच नव्हतं. सकाळी तर बरी होती म्हणे.

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. तो मीच होतो.

डॉक्टरचं तोंड बघण्यासारखं झालं. त्याने एवढं शिक्षण घेऊन शेळीचा ठोका पकडला होता.

"मी माणसांचा डॉक्टर आहे," तो म्हणाला.

"तिला कुठं ठावं हाय ते!" काकू म्हणाली. "हात लाव लवकर."

तो क्षणभर उभा राहिला... मग बाह्या वर केल्या. काकूने गोडेतेलाची बुधली आणली. त्याने हाताला तेल चोळलं. काकू शेळीचं तोंड मांडीवर घेऊन तिच्याशी बोलत बसली. तो डोळे मिटून आतला पाय चाचपत होता. कपाळावरचा घाम नाकावरून गळत होता.

"सापडला," तो हळूच म्हणाला.

थोड्या वेळाने करडू बाहेर आलं. पडलं. हललं नाही. कुणी श्वास घेतला नाही. डॉक्टरने त्याच्या नाकातोंडातलं बोटाने पुसून काढलं, छाती चोळली... आणि करडू शिंकलं.

आमच्या गावात एवढा आनंद सरपंचाच्या निवडणुकीत झाला नव्हता.

डॉक्टर भिंतीला टेकून बसला. हात रक्ताचे, पाय रक्ताचे. पण हातांचं रक्त शेळीचं आणि पायांचं त्याचं, हे आधी काकूच्या लक्षात आलं. तिने त्याचा पाय ओढून मांडीवर घेतला आणि सुईने काटे काढायला बसली. तो संकोचला, पाय मागे घेऊ लागला. तिने गुडघ्यावर चापट मारली.

"गप. शेळीसाठी एवढा पळालास, पोरा. मानसासाठी किती पळशील!"

गर्दीने माना डोलावल्या. बरोबर आहे की. हिशेब साधा होता.

डॉक्टरने नुसतं "हो" म्हटलं असतं तर भागलं असतं. पण पोरगं खरं बोलणारं.

"मी शेळीसाठी पळालो नाही, काकू. मला वाटलं, तुम्हीच..."

काकूचा हात थांबला.

"माझ्यापायी?"

"हो."

"असा? अनवानी?"

काकूने खाली मान घातली आणि पुन्हा काटा शोधू लागली. बराच वेळ सापडला नाही. डोळ्यांत पाणी असलं की सुई नीट चालत नाही.

"ह्या घरात आल्यापासून," ती म्हणाली, "माझ्यापायी कुनी पळत आलं नव्हतं. तुझं लई उपकार झालं, लेकरा."

मला एक चांगली थट्टा सुचली होती. ती मी गिळली. माझ्या आयुष्यात असं क्वचित घडतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

काकू मनाची दयाळू, करडाला तिने 'डॉक्टर' नावही ठेवून टाकलं. ते पाठ निघालं, म्हणजे मादी, तरी नाव बदललं नाही.

डॉक्टर लंगडत तकियात परत आला. बाबा अजून तिथेच बसलेले.

"शेळी होती," तो म्हणाला.

"वाचली?"

"वाचली. पिल्लूही वाचलं."

"बहोत अच्छा."

"पण बाबा, गावाचं तर काहीच झालं नाही. पट्टे अजून..."

बाबांनी आपला हात पुढे केला. सुकलेला, शिरांचा.

"बांध."

डॉक्टरने पिशवीतून पट्टा काढला आणि बांधायला लागला. पहिल्यांदा त्याने फोनाकडे न बघता बाबांच्या तोंडाकडे बघितलं.

"बाबा, चालताना दम लागतो का?"

"लागतो."

"केव्हापासून?"

बाबा सांगू लागले. मी इतकी वर्षं त्यांच्याजवळ बसतो, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

त्यांचं सांगून होतंय तोवर दारात चपलांचा ढीग झाला. माणसं आली होती. प्रत्येकाच्या हातात आपापला पट्टा. कुणाच्याला कुंकू, कुणाच्याला उदाची राख. सगळ्यांत पुढे गोदाकाकू. शेळीच्या पायाचा पट्टा धुऊन आणलेला.

"तुझ्या हातानं बांध," ती म्हणाली. "पळत येनाऱ्याच्या हातानं."

मागून बाळू सुताराची बायको पुढे आली. तिला स्वतःसाठी नको होता, सासऱ्यासाठी हवा होता. डॉक्टर उठून तिच्याबरोबर म्हाताऱ्याकडे चालत गेला, बांधून आला. तिने नुसते हात जोडले आणि तशीच उभी राहिली.

माझी पाळी आली.

"आबा, झोपेत गुदमरल्यासारखं होतं का?"

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. विचारतोय."

मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. तोंड उघडलं, पण त्यातून थट्टा निघेना. शेवटी खरं उत्तर दिलं. त्याने गोळी लिहून दिली. ती मी आजही घेतो आणि घेताना त्या पोराला मनोमन हात जोडतो. हे त्याला सांगू नका, शेफारेल.

शनिवारी साहेब आले. फोनात बघितलं. सगळं गाव जिवंत झालेलं, रेघा हरभऱ्याच्या फुटाण्यांसारख्या उडत होत्या. साहेब खूश. पट्टे गावातच राहिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बॅग घेऊन तकियात आला. शहरात परत निघाला होता. काकूने बांधून दिलेल्या भाकरी एका हातात. त्याने बाबांचे पाय धरले. डोळे भरले होते.

"बाबा, तुमचे उपकार मी विसरणार नाही. या गावाने मला फार दिलं."

बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"मागे कोण बघणार?"

"आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंच्या फोनात सगळं जोडून दिलंय. आता काळजीच नाही. यंत्र बघून घेईल." तो हसला. मोकळा, सुखी हसला. "मी अगदी निर्धास्त जातोय, बाबा."

लिंबाची पानं हलत होती...

बाबांनी आपल्या मनगटावरचा पट्टा सोडला. त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून मिटली.

"बाकीच्यांचेही गोळा कर, बेटा. निर्धास्त माणसाच्या हातचं आम्ही बांधून घेत नाही."