बत्तासा ससा आणि सोन्याची वाटी

एका राजाच्या नगरात गवत उगवत नसे. जमीन काळीभोर होती, पाऊस वेळेवर येत होता, नदीला बारमाही पाणी होते. पण राजाची आज्ञा होती, की नगरात गवताचे पातेही दिसता कामा नये. बागा खणून तिथे फरसबंदी केली होती. गाई आणि घोडे वेशीबाहेर चरत आणि तोंड धुऊन आत येत.

राजाचे नाव अरिमर्दन. त्याने आजूबाजूचे सगळे राजे जिंकले होते. त्या मुलखाची रीत अशी, की हरलेल्या राजाने दाती तृण धरून, म्हणजे दातांत गवताची काडी धरून, जिंकणाऱ्यासमोर यायचे. काडी पाहिली की त्याला जीवदान मिळे. अरिमर्दनाने इतक्या दातांत गवत पाहिले, की गवत म्हणजेच हार असे त्याच्या मनाने घेतले. मग त्याला ते डोळ्यांसमोर नकोसे झाले.

सर्वांत शेवटी हरला तो डोंगरावरच्या लहानशा राज्याचा म्हातारा राजा धूम्रकेश. तो मांत्रिकही होता. रीतीप्रमाणे दाती तृण धरून तो दरबारात आला.

अरिमर्दन हसून म्हणाला, "नुसते धरतोस काय म्हाताऱ्या? चावून दाखव."

धूम्रकेशाने काडी चावली आणि गिळली. दरबार खो खो हसला. राणी हेमांगी हसली नाही. तिच्याजवळ राजकन्या कुमुदिनी बसली होती, आणि कुमुदिनीच्या मांडीवर तिचा पांढराशुभ्र ससा होता. त्याचे नाव बत्तासा. म्हाताऱ्याने पुढे होऊन सशाच्या डोक्यावर हात ठेवला.

"राजा, मी गवत खाल्ले. माझे काही बिघडले नाही. आता तुझ्या लेकीचे प्राण मी या सशात ठेवतो. तो आहे तोवर ती आहे. ज्या दिवशी हा आपल्या खुशीने गवत खाईल, त्या दिवशी तिचे प्राण तिला परत मिळतील."

इतके बोलून तो धूर झाला आणि खिडकीतून निघून गेला.

"माझ्या घरचा ससा हरलेल्यांचे अन्न खाणार नाही," अरिमर्दन म्हणाला. "तो मेव्यावर जगेल. शंभर वर्षे जगेल."

धूम्रकेशाच्या खजिन्यातून लुटून आणलेली एक सोन्याची वाटी होती. ती रिकामी झाली की आपोआप भरत असे. समोर बसणाऱ्याला जे आवडेल त्याने भरत असे. राजाने ती सशापुढे ठेवली. वाटी बेदाण्यांनी आणि खडीसाखरेने भरली. बत्ताशाने एक बेदाणा खाल्ला, मग दुसरा, आणि मग त्याला दुसरे काही गोड लागेना.

त्या राज्यात पशुपक्ष्यांना वाचा होती, पण ते कामापुरते बोलत. बत्तासा मात्र दरबारात वाढलेला. तो बेदाण्याचे देठ बाजूला काढून म्हणे, "आज जरा आंबट निघाले." कुमुदिनी हसे आणि त्याचे कान चोळे.

पुढे त्याचे पोट नगाऱ्यासारखे टणक झाले. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावून चावूनच झिजतात. याचे झिजले नाहीत. ते वाढले, वळले आणि गालांत रुतू लागले. तो कोपऱ्यात बसून राहू लागला. जसजसा तो बसला, तसतशी इकडे कुमुदिनी अंथरुणाला खिळली. तिच्या तोंडावरचे पाणी गेले. कोणी हाक मारली तर ती डोळे उघडी, पण मान वळवत नसे.

राणीने पदराखाली लपवून वेशीबाहेरून मूठभर गवत आणले आणि सशापुढे ठेवले.

"राणीसाहेब, हे काय?"

"गवत."

"गवत हरलेले खातात," बत्तासा म्हणाला. "मी राजघराण्यातला." आणि त्याने वाटीकडे तोंड फिरवले.

तेव्हा गवाक्षात एक भारद्वाज येऊन बसला. त्याचे डोळे माणकांसारखे लाल होते.

"राणी, कामे तीन आहेत," पक्षी म्हणाला. "वाटी जिथली तिथे पोचव. गवत मागून आण. चोरून आणलेले त्याला चोरीचेच लागणार. तिसरे काम तुझे नव्हे."

"मग कोणाचे?"

"दोन करून ये. मग सांगेन."

राणी वाटी घेऊन निघाली. धूम्रकेशाच्या डोंगरात एक निळे तळे होते. वाटी मूळची त्या तळ्यातली. वाट लांबची, ऊन कडक. राणीला भूक लागली, तशी वाटी ओल्या नारळाच्या करंज्यांनी भरली. राणीला लहानपणापासून करंज्या फार आवडत. वाटी इतकी जड झाली, की हात खांद्यापासून दुखू लागला.

"नको," राणी म्हणाली.

वाटी थोडी हलकी झाली. पुढे चढ लागला. आता वाटीत थंडगार वाळ्याचे सरबत होते.

"नको."

वाटी आणखी हलकी झाली. तळ्याच्या काठावर पोचल्यावर तिने वाटीत पाहिले. वाटीत औषध होते, आणि त्याला लेकीच्या केसांना येई तसा शिकेकाईचा वास होता.  राणी डोळे मिटून म्हणाली, "नको." वाटी पिसासारखी हलकी झाली. राणीने ती पाण्यावर ठेवली. तळ्याने ती आत घेतली आणि पाणी पुन्हा स्थिर झाले.

तळ्यापलीकडे गवताचा माळ होता. राणीने विळा काढला, तसे गवत बोलले.

"कोणाच्या दातांत द्यायला नेतेस? कोण हरले?"

"कोणी हरले नाही. एका सशाला हवे आहे."

माळावरून वाऱ्यासारखे हसू गेले.

"सशाला! अगं बाई, मग आधी नाही का सांगायचे? ते तर आमचे जुने काम. आम्हांला वाटले, आता आम्हांला कोणी खातच नाही, नुसते धरतात. बस खाली. उभ्याने कापू नकोस, आम्हांला इजा होते."

राणी उकिडवी बसली आणि जपून गवत कापले. तिने भारा बांधला आणि डोक्यावर घेतला. ती वेशीशी आली तेव्हा पहारेकऱ्यांनी भाले आडवे धरले.

"राणीसाहेब, गवत आत नेता येत नाही."

"मग मलाही बाहेर ठेवा. आणि राजकन्येने विचारले तर आई कुठे आहे ते तुम्हीच सांगा."

पहारेकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि दोघेही पाठ फिरवून भिंतीकडे पाहत उभे राहिले. राणी आत गेली.

बत्तासा भुकेला होता आणि रागावलेलाही.

"माझी वाटी?"

"तळ्यात गेली."

"आणि माझे जेवण?"

राणीने भारा सोडला. सशाचे नाक हलले. त्याने एक काडी हुंगली, मग दुसरी.

"वास बरा आहे," तो म्हणाला. "पण नको."

राणीने स्वतः एक पाते तोंडात घातले आणि चावले. "हे बघ, मी खाते."

"तुम्ही मनाच्या भल्या, राणीसाहेब. तुम्ही काहीही खाल. महाराज खातात का?"

भारद्वाज गवाक्षात होताच. "ऐकलेस ना? तिसरे काम राजाचे," तो म्हणाला. "ससा हे त्याच्याचकडून शिकला. सशासमोर बसून राजाने पहिला घास घ्यावा."

राणीने भर दरबारात हे राजाला सांगितले. अरिमर्दनाचा चेहरा लाल झाला.

"मी? दाती तृण धरू?"

"होय."

"कोणासमोर?"

"सशासमोर."

"एक वेळ राज्य देईन," राजा म्हणाला, "पण हे होणार नाही."

"राज्य कोणी मागितले नाही," राणी म्हणाली आणि लेकीच्या उशाशी जाऊन बसली.

सायंकाळपर्यंत कुमुदिनीचे हात गार पडले. ससा कोपऱ्यात एका अंगावर आडवा झाला होता. राजा लेकीजवळ आला. तिने डोळे उघडले आणि अगदी हळू विचारले, "बाबा, त्या म्हाताऱ्या राजाने गवत खाल्ले तेव्हा तुम्ही हसलात ना? ते कडू असते का?"

 इतक्या राजांच्या दातांत राजाने गवत पाहिले होते, पण ते कसे लागते हे त्याला माहीत नव्हते.

त्याने सशाला उचलून दरबारात आणले, कारण आजवर हरलेले राजेही दरबारातच आले होते. मागून सेवकांनी कुमुदिनीचा पलंग आणला. राजाने ससा फरशीवर ठेवला. मुकुट घालून खाली वाकता येईना, म्हणून मुकुट काढून ठेवला. मांडी घालून तो सशासमोर बसला, भाऱ्यातली लांबशी काडी घेतली आणि दातांत धरली. सगळ्या दरबाराने माना खाली घातल्या. कोणी हसले नाही.

बत्ताशाने एक डोळा उघडला.

"महाराज, हरलात?"

तोंडात गवत असल्यामुळे राजाला बोलता येईना. त्याने मान डोलावली.

"कोणाकडून?"

राजाने पलंगाकडे बोट केले.

सशाने तिकडे पाहिले. मग फरशीवरून पोट ओढत राजाच्या तोंडाशी आला.

"मग मी एकटा जिंकून काय करू?" तो म्हणाला, आणि काडीचे दुसरे टोक त्याने तोंडात घेतले.

त्याला ते अवघड गेले. वाकडे दात एकमेकांत अडकत होते. राजा इकडून चावत होता, ससा तिकडून, आणि काडी हळूहळू आखूड होत गेली. शेवटचा तुकडा सशाने खाल्ला. त्याच क्षणी त्याच्या नाकातून वाफेसारखे काही निघाले, दरबारावरून तरंगत गेले आणि कुमुदिनीच्या श्वासात मिसळले. ती उठून बसली आणि म्हणाली, "आई, भूक लागली."

फरशांच्या सांध्यांतून हिरवी पाती वर आली. धूर खिडकीतून आत शिरला, सिंहासनापाशी थांबला आणि धूम्रकेश झाला.

अरिमर्दन खालीच बसला होता. त्याच्या मिशीला गवताचा तुकडा चिकटला होता.

"कडू नाही," तो म्हणाला. "थोडे गोडच आहे."

"मला ठाऊक आहे," धूम्रकेश म्हणाला, आणि त्याच्याजवळ खाली बसला.

धूम्रकेशाला त्याचा डोंगर परत मिळाला, आणि बाकीच्या राजांना त्यांची राज्ये. फरशा उखडल्या, गाईगुरे आत आली. दाती तृण धरायची रीत बंद झाली. त्याऐवजी तह करताना दोन्ही राजे एका सशाला मिळून चारा घालत, आणि तो खाईल तेव्हाच तह पक्का मानत.

बत्ताशाचे दात सावकाश झिजले, पोट उतरले. सुरुवातीला तो रोज सकाळी कुरकुर करी, म्हणून राणी गवताच्या ढिगात खोलवर एकच बेदाणा लपवून ठेवी. तो शोधता शोधता त्याचा अर्धा ढीग खाऊन होई. तरी एखाद्या दिवशी तो गवताला पाठ करून बसलाच, तर अरिमर्दन दरबार थांबवून बागेत येई, मांडी घालून बसे आणि एक काडी उचले.

"ये बत्ताशा," तो म्हणे, "आज मी आधी घेतो."

जिथे गवत उगवते तिथे ही गोष्ट ठाऊक आहे. आणि जिथे उगवत नाही, तिथे ती आधी सांगावी.