वार बघितलीस?

"बाळ नीट तपासलंस?"

"डोक्यापासून तळव्यापर्यंत, बाई."

"अर्धंच तपासलंस."

डॉ. निनादच्या कपाळावर आठी चढली. सुवर्णपदक गळ्यात नसलं तरी त्याच्या चालण्यात दिसायचं. पण नुकतीच जन्मलेली मुलगी पांढरीफटक पडली होती, धापा टाकत होती, आणि पदकाचं काही चालत नव्हतं.

"जंतुसंसर्ग असणार. औषध सुरू केलंय. तरी खालावतेच आहे... आणखी काय तपासू?"

देवस्थळीबाईंनी बाळाकडे एकदा बघितलं. या दवाखान्यात निनादसारखे कितीतरी डॉक्टर त्यांच्या हाताखाली तयार झाले होते. त्या दाराकडे निघाल्या.

दारात मुलीचा बाप सर्जेराव मडकं घेऊन उभा होता. बाळामागून पडलेली वार घरी न्यायची आणि अंगणात पुरायची, ही त्यांची रीत. निनादने ती न बघताच मडक्यात टाकायला सांगितली होती.

"सर्जेराव, हे मडकं जरा वेळ देता?"

"घ्या की, बाई. पर माझ्या पोरीचं बघा कायतरी..."

बाईंनी वार धुतली, ट्रेमध्ये पसरली.

"वार बघितलीस?"

"वारेत काय बघायचं, बाई?"

बाईंनी त्याचं बोट धरलं आणि वारेच्या कडेच्या पातळ पडद्यावर टेकवलं. नाळ वारेला भिडलीच नव्हती. ती पडद्यातच शिरली होती, आणि तिच्या शिरा तिथून उघड्याच वारेकडे गेल्या होत्या. त्यातल्या एका शिरेवरून बोट सरकत गेलं आणि थांबलं.

शीर फाटली होती.

"पाणमोट फुटताना रक्त गेलं होतं?"

"गेलं होतं. पण ते तर आईचं..."

...

"बाई! ते बाळाचं होतं!"

तो पळतच सुटला. "रक्त आणा! आधी रक्त आणा!"

रक्त चढू लागलं तसे ओठ गुलाबी झाले, मग गाल. आणि मग त्या एवढ्याशा जिवाने असं भोकाड पसरलं की अख्खा वॉर्ड हसायला लागला. सर्जेराव रडत होता. निनादही रडत होता, आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. काय सुंदर आवाज होता तो!

वार मडक्यात परत गेली. निनादने एका हाताने मडकं उचललं आणि सर्जेरावापुढे धरलं.

"थांब," बाई म्हणाल्या. "दोन्ही हातांनी दे. अर्धं बाळ आहे ते. मान सांभाळून."