एकट्याला जोडता येणारा ट्रॅक्टर

शिष्य म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कोवळा, हात जोडून बसलेला मुलगा येतो. या गोष्टीतला शिष्य बेचाळीस वर्षांचा होता, त्याची कंबर दुखत होती आणि त्याला एक जुना मिनी ट्रॅक्टर घ्यायचा होता. गुरूही काही जटाधारी नव्हते. अण्णा मिस्त्री म्हणून पंचक्रोशीत त्यांची ओळख होती. चाळीस वर्षे त्यांनी ट्रॅक्टर खोलले आणि जोडले. पुढे हात थरथरू लागला तेव्हा पाना खाली ठेवला. तरीही जुने यंत्र घेण्यापूर्वी माणसे त्यांना सोबत नेत. सल्ला फुकट मिळे, आणि नवल म्हणजे फुकट असूनही लोक तो ऐकत.

शिष्याचे नाव नवनाथ. तारुण्यात चार वर्षे तो अण्णांच्या हाताखाली होता, म्हणून अजूनही त्यांना गुरूच मानी. गावाबाहेर त्याची अंजिराची बाग होती. बाग कसली, आठ ओळी. मूळच्या सतरा होत्या. वडील गेल्यावर वाटणी झाली तेव्हा आठ ओळी नवनाथला आल्या आणि आठ थोरल्या भावाला, रघुनाथला. मधली सतरावी ओळ कुणाची, यावर दोघे असे अडून बसले की बोलणेच तुटले. अर्धी अर्धी झाडे घ्यावीत हे तुम्हाआम्हाला लगेच सुचते. ज्यांचे डोके फिरलेले असते त्यांना ते सुचत नाही. तीन वर्षांत त्या ओळीला ना याने पाणी दिले ना त्याने. झाडे वाळून गेली आणि दोघांच्या मध्ये काट्याकुट्यांचा एक पडदा उभा राहिला.

पूर्वी ही बाग दोघे मिळून करत. एकाने छाटायचे, दुसऱ्याने फांद्या ओढायच्या. दुपारी एकाच फडक्यातली भाकरी सोडायची. आता नवनाथ वाळलेल्या ओळीकडे पाठ करून जेवत असे. पलीकडून कधी भावाच्या खोकल्याचा आवाज आला की त्याचा घास हातातच राही. खोकला जुना आहे, औषध घेतो की नाही कुणास ठाऊक, असे मनात येई. त्याला भावाची आठवण येत असे. वीस पावलांवर असलेल्या माणसाची आठवण यावी, यासारखे दुःख नाही. कारण ते कुणाला सांगताही येत नाही.

मजूर मिळेनासे झाले होते. मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणावा तर तो ओळींमधून जाताना फांद्या मोडी. म्हणून चार फुटांत मावेल असा लहान ट्रॅक्टर बघायचा असे त्याने ठरवले, आणि अण्णांना मोटरसायकलवर मागे बसवून तो निघाला.

पहिला ट्रॅक्टर एका जुन्या वाहनांच्या आवारात होता. रंग असा चकचकीत की नवनाथचे डोळे दिपले. अण्णांनी इंजिनाच्या सांध्यावरचा रंग नखाने खरवडला, आतून गळून बोटाला लागलेले तेल नवनाथच्या शर्टाला पुसले आणि पुढे चालू लागले. दुसरा एका डाळिंबवाल्याचा होता. तो बरा होता, पण क्लचने मान टाकली होती. दोन्ही ठिकाणी नवनाथने इंजिन, टायर, हायड्रॉलिक सगळे पाहिले. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून तो पुष्कळ शिकला होता. परंतु दोन्ही ठिकाणी त्याने सगळ्यांत आधी एकच प्रश्न विचारला होता, आणि तो कुठल्याही व्हिडिओतला नव्हता. याला रोटाव्हेटर एकट्याला जोडता येतो का?

ज्यांनी शेत पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. रोटाव्हेटर म्हणजे माती भुसभुशीत करणारे, फिरत्या पात्यांचे अवजार. ते ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी जोडतात. चालकाने ट्रॅक्टर मागे घेत घेत अशा बेताने थांबवायचा की ट्रॅक्टरच्या दांड्यांची भोके अवजाराच्या खुंट्यांसमोर यावीत. चार बोटे इकडे नाही, चार बोटे तिकडे नाही. म्हणून बहुधा मागे बाजूला एक माणूस उभा राहतो आणि सांगतो, ये, ये, थांब.

अण्णांनी तो प्रश्न दोन्ही वेळा ऐकला. मनात ठेवला.

तिसरा ट्रॅक्टर भिवाजीराव नावाच्या एका सत्तरीच्या गृहस्थांकडे होता. घर रस्त्यापासून आत, अंगणात लिंबाचे झाड, आणि झाडाखाली ट्रॅक्टर. रंग उडालेला, पण अंगावर धुळीचा कण नाही. रोटाव्हेटर मागे जमिनीवर सोडलेला. भिवाजीरावांनी पाणी दिले, चहा टाकला, स्वतःच गाळला. इथेही नवनाथने तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, हो, येतो की, मी एकटाच जोडतो.

नवनाथ बॉनेट उघडायला पुढे झाला, तर अण्णांनी त्याला दंडाला धरून मागे ओढले. त्यांनी ना बॉनेट उघडले, ना इंजिनाला हात लावला. भिवाजीरावांना एवढेच म्हणाले, की तुम्ही आपल्या हाताने रोटाव्हेटर जोडून दाखवा. मग स्वतः पायरीवर जाऊन बसले. नवनाथला हे कोडेच वाटले. घेणारा तो, चालवणार तो, आणि बघायचे काय, तर विकणाऱ्याने चालवलेले! अण्णा हळूच म्हणाले की माणूस दोष तोंडाने लपवतो, हातापायांना लपवता येत नाही. गिअर निसटत असेल तर त्याचा हात आपोआप दांड्यावर राहतो. ब्रेक कच्चा असेल तर पाय दोनदा पडतो. तू फक्त त्यांचे हातपाय बघ.

भिवाजीराव सीटवर चढले. ट्रॅक्टर एका हाकेत सुरू झाला. हात ठिकाणावर, पाय ठिकाणावर. त्यांनी मान वळवून ट्रॅक्टर मागे घ्यायला सुरुवात केली आणि खुंट्या वीतभर उरल्या असताना थांबले. मान वळलेली तशीच. जरा वेळ गेला. मग पुढे घेतला, पुन्हा मागे आणला आणि पुन्हा बरोबर तिथेच थांबले. तिसऱ्यांदाही तेच. नवनाथने लगेच निदान केले. अण्णांच्या कानाशी लागून तो म्हणाला की रिव्हर्सला यंत्र अडखळते आहे, क्लचमध्ये काहीतरी आहे, हाही सोडून देऊ.

अण्णा उठले. रोटाव्हेटरच्या डाव्या अंगाला, चाकापासून दूर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी खणखणीत आवाज दिला, "येऊ द्या. येऊ द्या अजून. चार बोटं राहिली. दोन. बस."

दोन्ही भोके खुंट्यांसमोर आली होती. केसाचा फरक नव्हता.

भिवाजीरावांनी इंजिन बंद केले, पण ते खाली उतरले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. नवनाथला वाटले, चक्कर आली की काय. तो जवळ गेला तेव्हा त्याला दिसले की म्हातारा रडत होता.

"आमची मंडळी उभी राहायची तिथं," ते म्हणाले. "अकरा वर्षं. दोन वर्षं झाली तिला जाऊन. मला एकट्याला जमतं हो, खोटं नाही सांगत. उतरून उतरून बघतो, जोडतो. पण मान वळवली की थांबायला होतं. वाटतं, आता सांगेल."

पुढचा व्यवहार दोन वाक्यांत झाला. भिवाजीरावांना ट्रॅक्टर आता घरात नको होता आणि नवनाथने घासाघीस केली नाही. त्यांनी रोटाव्हेटरही देऊन टाकला; ट्रॅक्टर नवनाथ चालवत नेणार होता, म्हणून रोटाव्हेटर आणि मोटरसायकल दुसऱ्या दिवशी टेंपोतून पाठवायचे ठरले.

निघण्यापूर्वी अण्णांनी नवनाथला ट्रॅक्टरमागे बोलावले. भिवाजीराव आत गेले होते. अण्णा म्हणाले की तुझ्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे, ते आता घे. आणि त्यांनी त्याला शिकवले. आधी डावा दांडा बसवायचा. मग उजव्याचे हँडल फिरवून तो वरखाली करत बसवायचा. वरचा दांडा सगळ्यांत शेवटी. त्यांनी ते त्याच्याकडून दोनदा करून घेतले. दुसऱ्यांदा नवनाथने कुणाच्याही मदतीशिवाय पाच मिनिटांत अवजार जोडले. कपाळावरचा घाम पुसत तो हसला. अण्णा हसले नाहीत.

"आलं?" त्यांनी विचारले.

"आलं, अण्णा. सोपं आहे."

"सोपंच आहे. आता तुला मागे माणूस लागत नाही. तेव्हा आता नीट विचार कर, मागे माणूस हवा आहे की नाही. लागतो आणि हवा असतो, यात फार अंतर आहे, नवनाथ. लागतो म्हणून बोलावलेला माणूस मजूर असतो, काम झालं की संबंध संपतो. काही अडलेलं नसताना जो हवासा वाटतो, तो आपला असतो. भिवाजीरावांना कुणी लागत नाही. त्यांना ती हवी आहे, आणि त्यांनी कितीही हाका मारल्या तरी आता ती येणार नाही. तू तीन ठिकाणी एकच गोष्ट विचारलीस. ज्याला एकटं राहणं खरंच आवडतं, तो असं दारोदार विचारत फिरत नाही रे."

नवनाथने मान खाली घातली. तो म्हणाला, "दादा नाही म्हणाला तर?"

"म्हणेल कदाचित," अण्णा म्हणाले. "पण तो आहे, तोवर विचारता येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपोवाल्याने मोटरसायकल आणि मग रोटाव्हेटर बागेच्या तोंडाशी उतरवला आणि तो निघून गेला. नवनाथ ट्रॅक्टरवर बसून रोटाव्हेटरकडे पाहत राहिला. पाच मिनिटांचे काम होते. डावा दांडा, उजवा दांडा, वरचा दांडा. सगळे पाठ होते. त्याने ट्रॅक्टर वळवला आणि वाळलेल्या ओळीला वळसा घालून, तीन वर्षे ज्या वाटेला तो गेला नव्हता त्या वाटेने, भावाच्या दाराशी नेऊन उभा केला.

रघुनाथ ओट्यावर फवारणीचा पंप खोलून बसला होता. त्याने वर पाहिले. केस पांढरे झाले होते. लांबून नवनाथला ते कधी दिसले नव्हते. नवनाथने इंजिन बंद केले. थोरल्याने ट्रॅक्टरकडे हनुवटी उडवून विचारले, "जुना घेतलास?"

"हो. चांगला आहे." नवनाथ खाली उतरला. "दादा, रोटाव्हेटर जोडायचाय. मला एकट्याला जमत नाही."

खोटे बोलू नये असे आम्ही कथा सांगणारे जन्मभर लोकांना सांगत आलो. त्या सकाळी नवनाथ जे बोलला त्याहून खरे तो तीन वर्षांत काही बोललेला नव्हता.

रघुनाथने पंप बाजूला सारला. हात टॉवेलला पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले.

"मला तरी कुठं जमतंय," तो म्हणाला, आणि पायात चपला न घालताच ओट्यावरून उतरला.