माफीची भाषा

वसईकडच्या एका गावात बस्त्याव तुस्कानोने चर्चमधल्या भर मिस्सेत, रविवारच्या उपासनेत, लॅटिनऐवजी मराठीत प्रार्थना म्हटली. “हे प्रोटेस्टंटांचं पाखंड!” म्हणत फादरांनी त्याचं कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तशरीराचा प्रसाद, बंद केलं. बावीस वर्षं तो शेवटच्या बाकावरून इतरांची रांग बघत राहिला.

मग रोमचाच हुकूम आला, मिस्सा लोकांच्या भाषेत करा. नवे फादर त्याच्या दारी आले.

“बस्त्यावबाबा, लोकांना मराठी प्रार्थना शिकवा. पण आधी माफी लिहून द्या. चर्च चुकत नाही, त्याची समज वाढते. तेव्हा ते पाखंडच होतं.”

म्हाताऱ्याने कागद पुढे ओढला.

“तेव्हाच्या पाखंडाची माफी तेव्हाच्याच भाषेत हवी, फादर. लॅटिन मला येत नाही. मराठीत लिहिली, तर तिच्यासाठी आणखी एक माफी लिहावी लागेल.”

फादरांनी कोरा कागद उचलून घेतला. रविवारी ख्रिस्तशरीर घेऊन ते स्वतः शेवटच्या बाकापर्यंत चालत गेले.