दुपारची सावली

एकदा एक शिष्य वाळवंट पाहायला निघाला आणि गावाबाहेरच्या माळावरच अडकून पडला. त्याचीच ही हकीकत.

शिष्याचे नाव दामोदर. उभे आयुष्य रानावनांत काढलेल्या एका वृद्ध गुरुजींपाशी तो पशुपक्ष्यांची विद्या शिकत होता. गुरुजी दरवर्षी गावातल्या हौशी मंडळींना एखादे अरण्य दाखवायला नेत. यंदा मंडळींनी पश्चिमेकडच्या वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानाचा हट्ट धरला, आणि नेमके यंदाच गुरुजींचे गुडघे कुरकुरू लागले. त्यांच्याखेरीज गावातल्या कोणी त्या मुलखात पाऊल टाकले नव्हते. तेव्हा गुरुजींनी फर्मावले की बेत दामोदरने आखावा. तो आपल्या मनास आला तर मंडळींना दामोदरच घेऊन जाईल, नाहीतर सहल रद्द. दामोदरच्या तोंडचे पाणी पळाले आणि त्याच वेळी छातीही फुगली. पहिली जबाबदारी अंगावर पडते तेव्हा माणसाचे असेच होते.

त्याने पुष्कळ डोके चालवले. मंडळींत कापडाचा एक व्यापारी होता. त्याने आधीच बजावून ठेवले होते की एवढ्या लांब नुसती वाळू बघायला आपण येणार नाही. चिंकारा दिसलाच पाहिजे, आणि तोही जवळून. चिंकारा म्हणजे तिथले लहानखुरे हरीण, चाहूल लागताच पसार होणारे. ते जवळून दाखवायचे कसे? विचार करकरून दामोदरला तोड सुचली. फाल्गुन सरताना जायचे, म्हणजे ऊन तापलेले असेल. त्या उघड्या मुलखात सावली ती केवढी, कुठे एखादी शमी, कुठे एखादे झुडूप. भर दुपारी हरीण तिथेच बसणार. मग पहाटे उठून पायपीट हवी कशाला? दुपारी एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे जात राहिले की चिंकारा हमखास सापडणार. स्वतःच्या हुशारीचे त्याला मोठे कौतुक वाटले.

गुरुजींनी बेत शेवटपर्यंत ऐकून घेतला. बरा म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. उद्या भर दुपारी माळावर ये, आणि येताना पाणी आणू नकोस, एवढेच सांगितले. दामोदर गोंधळला, पण गुरूला उलट विचारण्याची त्यांच्यात रीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो माळावर पोहोचला तेव्हा ऊन मी म्हणत होते. एका बाभळीखाली घोंगडीएवढी सावली होती, तीत तो बसला. थोड्या वेळाने काठी टेकत गुरुजी आले आणि थेट त्याच्यापुढे उभे राहिले. गुरू उभे असताना शिष्याने बसून राहायचे नाही, म्हणून दामोदर लगबगीने उठला. गुरुजी निवांतपणे त्याच्या जागेवर बसले. सावलीत दुसऱ्याला जागा उरली नाही. दामोदर उन्हात उभा राहिला. गुरुजी काही शिकवतील म्हणून त्याने कान टवकारले. पण ते अवाक्षर बोलेनात. नुसते त्याच्याकडे टक लावून बघत होते, तेही अगदी प्रेमाने.

जरा वेळाने गुरुजींनी पलीकडच्या बोरीकडे काठी दाखवली. दामोदर जाऊन टेकतो न टेकतो तोच गुरुजी उठून तिथेही हजर. तो पुन्हा उठला. पुन्हा तेच मुकाट बघणे. मग तिसरे झाड, मग चौथे. दामोदरला काही म्हणता काही उमगेना. ही परीक्षा म्हणावी, तर प्रश्न कोणता? थट्टा म्हणावी, तर गुरुजींच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. की वयोमानाने त्यांना भ्रम झाला? या विचाराची त्याला लाज वाटली, आणि लाजेमागोमाग रागही आला. घसा कोरडा पडला, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. लांबवर एक झुडूप दिसले, तिथवर तो कसाबसा गेला. आणि मागून काठीचा आवाज आला.

आता मात्र त्याने हात जोडले. "गुरुजी, माझं काय चुकलं ते तरी सांगा. मला बसू का देत नाही?"

"मी तुला ऊठ म्हटलं का?" गुरुजी म्हणाले. "मी तर नुसता तुला बघायला आलो होतो."

गुरुजींनी त्याला हाताला धरून सावलीत बसवले, स्वतः उन्हात उभे राहिले आणि पिशवीतला तांब्या त्याच्या हाती दिला.

"बाळा, चिंकाऱ्याला कित्येक दिवस पाण्याचा घोट मिळत नाही. पानापाल्यातून मिळेल तेवढा ओलावा तो जिवापाड जपतो. दुपारी सावलीत निपचित बसतो तो त्यासाठीच. तुझी मंडळी काही दुष्ट नाहीत. कोणी दगड मारणार नाही. कौतुकानं दोन पावलं पुढे सरकतील, एवढंच. तो उठेल, उन्हातून पुढच्या झाडाकडे पळेल. तिथेही तुम्ही कौतुक घेऊन हजर. तुला आत्ता मी पाणी दिलं. त्याला कोण देईल?"

दामोदरच्या हातातला तांब्या तसाच राहिला. पाणी पिववेना. त्याने विचारले, मग दुपारी मंडळींना दाखवायचे तरी काय? काही नाही, गुरुजी म्हणाले. दुपारी त्यांना मुक्कामावर बसवून ठेव, पहाटे आणि सांजेला हरीण आपणहून चरायला निघते, ते लांबून बघा.

"आणि नाही दिसलं तर?"

"तर न बघता परत यायचं."

व्यापारी हे ऐकून घेणार नाही, दामोदरला पक्के ठाऊक होते. त्याच्यामागून आणखी काही जण गळतील, कदाचित सहलच मोडेल. तरी तो म्हणाला, "निघण्याआधीच सगळ्यांना स्पष्ट सांगतो. पटेल तो येईल." गुरुजींनी यावर हुं की चूं केले नाही. बेत मान्य झाला की अमान्य, काहीच कळेना. तशाच संभ्रमात तो त्यांच्यापुढे गावाची वाट चालू लागला.

वेशीपाशी वाट अरुंद होती. एका बाजूला भिंत, आणि तिच्या वीतभर सावलीत एक कुत्रे जीभ बाहेर काढून पडले होते. दामोदरची चाहूल लागताच त्याने मान वर केली, उठायला पुढचे पाय टेकले. दामोदर जागीच थांबला. मग वाट सोडून उन्हातल्या काट्याकुट्यांतून लांबचा वळसा घेऊन पलीकडे गेला. कुत्र्याने मान पुन्हा मातीवर टाकली.

गुरुजी गुडघे सांभाळत त्याच वळशाने त्याच्यामागून आले.

"मंडळींना घेऊन कधी निघतोस?" त्यांनी विचारले.