भैरूबुवांची रक्ततपासणी

"बरं, आणि डोळे नसताना ह्याला दिसतं कसं?" भैरूबुवांनी विचारलं.

शशांक गुळवणीला प्रश्न आवडला. आवडणारच. मोठ्या प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ, यंत्र स्वतः बनवलेलं, आणि गावाकडच्या मठातले बुवा त्याबद्दल कौतुकानं विचारतायत. कुणीही फुगला असता. हा तर घरूनच फुगून आला होता.

"दिसत नाही बुवा, कळतं. ह्या चकतीवर जिवंत पेशींतून काढलेली प्रथिनं बसवलीत. रक्तात कॅन्सरची खूण असली की ती तिला धरून ठेवतात. धरली, की खालच्या तारेतली वीज हलते. मग तांबडा दिवा. नाहीतर हिरवा."

"म्हणजे अर्धं जनावर, अर्धा रेडिओ."

"तसंच समजा."

बुवा खुशीत हसले. यंत्र कानाशी धरून त्यांनी जरा हलवूनही पाहिलं.

"आणि कुमुदचं काय आलं?"

"हिरवा."

कुमुदअक्का म्हणजे शशांकची थोरली बहीण. आईमागं तिनंच ह्याला वाढवलेलं. तिच्या छातीत गाठ निघाली होती. डॉक्टर म्हणत होते, उद्या या, तुकडा काढून तपासू. भाऊ म्हणत होता, काही गरज नाही. मधल्यामधे अक्का म्हणाली, बुवांचा शब्द घेऊन ये, मग ठरवते.

"तेवढं तिला सांगा. तुमचं ऐकेल ती. उगाच कापाकापी कशाला?"

"सांगतो की. पण आधी माझं बघ." बुवा उठले. "सुई दे इकडं. रक्त माझं, टोचणार मीच. तुम्हा शिकलेल्यांचा हात जड."

ते आत गेले. आतून "आई गं" ऐकू आलं, जरा जास्तच. परतले ते बोटावर लालभडक थेंब घेऊन.

शशांकनं तो चकतीवर टेकवला. दोघंही वाकून बघत बसले.

हिरवा.

"ठणठणीत आहात बुवा. काळजी नको."

"मला कसली काळजी." बुवांनी दुसरी मूठ उघडली. तळहातावर सोललेल्या बिटाची फोड होती. त्यांनी ती तोंडात टाकली. "बिटाला मात्र बरं वाटलं असेल."

शशांक हसायला गेला. नुसतं तोंड उघडलं.

"ही चेष्टा झाली, बुवा. त्याला रक्त द्यायचं असतं."

"मग त्यानं म्हणायचं, हे रक्त नव्हे."

"ते त्याला विचारलेलंच नाही. खूण सापडली तर तांबडा. नाही सापडली तर..."



प्रयोगशाळेत तो रोज पोरांवर ओरडायचा: आधी नक्की कॅन्सर असलेल्या माणसाचं रक्त घाला, तांबडा लागतोय का बघा, मगच हिरव्यावर विश्वास ठेवा. अक्काच्या वेळी त्यानं ते केलं नव्हतं. हिरवा लागला होता, आणि त्यानं झटकन बटण बंद केलं होतं.

बुवा बीट चावत राहिले.

...

"उद्या नेतो तिला दवाखान्यात," शशांक म्हणाला. "पण नको नको तर मीच म्हणत होतो. आता तिला सांगू काय?"

बुवांनी यंत्र उचलून अलगद त्याच्या हातात ठेवलं.

"सांग, यंत्र घाबरलंय. जरा सोबतीला चल म्हणावं."